आप्पांच्या आवाजाबद्दल

कोल्हापूर,
रविवार

प्रिय सुध्या,

परवा फोनवर तू "स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल" म्हणालास आणि मला पुढं बोलताच आलं नाही. आप्पा कायमचे मुके होणार का, असं विचारलंस. नाही रे. आमच्या मामामुळं मला हे थोडंफार ठाऊक आहे.

मामा एसटीत कंडक्टर. "पुढं सरका" म्हणाला की मागचा दरवाजाही हलायचा. ऑपरेशननंतर घरी आला तो गळ्यापाशी भोक आणि हातात पाटी घेऊन. श्वास त्या भोकातूनच, नाकातोंडाशी त्याचा संबंध संपलेला. त्यामुळं वास येईना, चहावर फुंकर मारता येईना. हे आम्हाला आधी कुणी सांगितलंच नव्हतं. बशीतला चहा निवेपर्यंत नुसता बघत बसायचा.

तेव्हा मी या विषयाच्या मागं लागलो. कॅन्सरसाठी पूर्ण स्वरयंत्र पहिल्यांदा काढलं ते व्हिएन्नात, ३१ डिसेंबर १८७३ ला, थिओडोर बिलरोथनं. हा सर्जन गाण्यातला दर्दी, जर्मन संगीतकार ब्राम्सचा जिवलग दोस्त. त्याच वर्षी ब्राम्सनं दोन स्ट्रिंग क्वार्टेट (चार तंतुवाद्यांसाठीच्या रचना) त्याला अर्पण केले होते. बिलरोथचा मदतनीस गुसेनबाउअर, त्यानं त्या रोग्यासाठी धातूची पट्टी बसवलेलं कृत्रिम स्वरयंत्र बनवलं. पेटीची पट्टी वाजते ना, तसंच. आवाज एकसुरी, पण माणूस बोलला. पुढच्याच वर्षी रोग उलटला आणि तो गेला.

पुढं लोक हवा अन्ननलिकेत घेऊन ढेकरेसारखी सोडत बोलायला शिकले. मामानं सहा महिने प्रयत्न केला, जमलं नाही. मानेला लावायचं बॅटरीचं यंत्रही आणलं. आवाज अगदी यंत्रमानवाचा. नातवंडं हसली, आणि ते कपाटात गेलं.

खरी गंमत तर पुढंच आहे. १९३२ साली अमेरिकेत गुटमन नावाच्या डॉक्टरनं एक रोगी नोंदवला. त्यानं बर्फ फोडायची सळई तापवून स्वतःच श्वासनलिकेतून घशात भोक पाडलं होतं, आणि तो बोलू लागला! वाचताना अंगावर काटा आला. पण वाट त्यानं बरोबर हेरली होती. त्याच वाटेत एकदिशा झडप, म्हणजे हवा पुढं जाऊ देणारी पण अन्न-पाणी मागं येऊ न देणारी, बसवायची युक्ती इंडियानापोलिसच्या सिंगर आणि ब्लॉम यांनी १९८० मध्ये मांडली. गळ्याचं भोक अंगठ्यानं दाबायचं. फुप्फुसातली हवा झडपेतून अन्ननलिकेत जाते, तिथला स्नायू थरथरतो, शब्द जीभ-ओठ घडवतात. बोलणं आपलंच, फक्त आवाज घोगरा.

मामाला तीच झडप आहे. रोज ब्रशनं साफ करतो. गळायला लागली की पाणी पिताना ठसका लागतो, मग बदलावी लागते, आणि परदेशी झडप महाग पडते. बेंगळुरूच्या डॉ. विशाल राव यांनी मात्र पन्नास रुपयांच्या आसपासची झडप बनवली आहे. आप्पांच्या डॉक्टरांना ऑपरेशनच्या आधीच विचार, झडप त्याच वेळी बसते का.

शुक्रवारी मामाला घेऊन येतो. आप्पांसमोर बसून तोच बोलेल. वहिनींना सांग, त्याचा चहा जरा कोमटच ठेवा.

तुझा,
बाळ्या