झाडून रिकामं ठेवलेलं घर

प्रिय मित्रा,

सप्रेम जय ख्रिस्त.

तुझं पत्र येऊन दोन महिने झाले. उत्तर न देण्याला कारण काही नाही, निव्वळ आळस. इकडे सगळे ठीक. गुडघा कुरकुरतो, चालायचंच.

राखेच्या बुधवारी, ईस्टरआधीचा उपासकाळ सुरू होताना, फोनमधलं सगळं काढून टाकलंस, ईस्टरच्या सोमवारी सगळं परत आलं, आणि आता आधीपेक्षा जास्त वेळ त्यातच असतोस. त्यावरून ‘माझा विश्वासच खोटा’ असा निकालही देऊन टाकलास. न्यायाधीश व्हायची तुला पहिल्यापासून घाई! मत्तयाच्या शुभवर्तमानाचा 12वा अध्याय पुन्हा काढ. अशुद्ध आत्मा परत येऊन बघतो तर घर झाडलेलं, सजवलेलं आणि रिकामं. मग तो आपल्याहून वाईट असे आणखी सात घेऊन येतो. झाडलंस ते बरोबरच केलंस. पण रोज मोकळा झालेला तो तास कशाला दिलास, हे तुझ्या चार पानी पत्रात कुठेच नाही.

दुसरं म्हणजे नव्या करारातलं इब्री लोकांस पत्र, 12:1. तिथे दोन वेगळ्या गोष्टी टाकायला सांगितल्यात, भार आणि पाप. भारासाठीचा ग्रीक शब्द ‘ओंकोस’ नव्या करारात तेवढ्या एकाच ठिकाणी येतो. हा भार पापच असेल असं नाही. धावणाऱ्याच्या अंगावरचा जाड कोट चोरीचा नसतो, तरी उतरवावा लागतो. तू पापांची यादी केलीस, भारांची नाही. ती मी करतो, रागावू नकोस: चार कमिट्या, गायकवृंद, वर्गणीचा हिशेब, आणि मंडळीचा, म्हणजे आपल्या चर्चचा, तो ग्रुप, जिथे पहाटे वचन पडतं आणि उजाडायच्या आत त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागते. वाचलं किती जणांनी, देव जाणे.

आता तू मार्था काढणार, येशू घरी आला तेव्हा कामात गुंतलेली ती. काढ. योहान 11:27 मधली तिची ‘तू ख्रिस्त आहेस’ ही कबुली पेत्राच्या तोडीची आहे, हे तुझं म्हणणं मी मागेच मान्य केलं होतं (तू मात्र ते विसरून पुन्हा भांडलास). पण लूक 10:40 मधलं क्रियापद ओढाताण होण्याचं आहे. सेवेला तिथे कोणी नाव ठेवलेलं नाही, प्रश्न ओढाताणीचा आहे. म्हणून दोन कमिट्या सोड. कुठल्या, ते असं ठरव: तू नसलास तर ज्यांचं काम महिनाभरात दुसरं कोणी उचलेल, त्या.

मग सकाळची 15 मिनिटं. तास नको; तुझा तास तिसऱ्या दिवशी मोडतो. गजराला साधं घड्याळ आण, कारण गजर बंद करायला फोन उचललास की खेळ तिथेच संपला. फोन दुसऱ्या खोलीत. पालथा घालून शेजारी ठेवलेला चालत नाही, मन तिकडेच राहतं. कागदी बायबल, ठरलेली खुर्ची. एक स्तोत्र, मग मार्काचा अर्धा अध्याय. 16 अध्याय आहेत, म्हणजे 32 दिवस. 119वं स्तोत्र आलं तर त्याचे 22 भाग आहेत, रोज एक घे. 176 वचनं एका दमात उरकून शूर होऊ नकोस.

वर्षात बायबल संपवायचा नाद सोड. 1189 अध्याय म्हणजे रोज सव्वातीन. उत्पत्तीचे 50, निर्गमचे 40, हिशेबाने 28 जानेवारीला तिसरं पुस्तक, लेवीय, सुरू होतं आणि तुझा संकल्प दरवर्षी त्याच सुमाराला वारतो. चार दिवस चुकले की 13 अध्यायांचं कर्ज, आणि कर्जबाजारी माणूस सावकाराला तोंड चुकवतो. चुकलेला दिवस सोडून द्यायचा, भरून काढायचा नाही.

शेजारी कागद-पेन ठेव. प्रार्थनेत ‘बिल भरायचं राहिलं’ आठवलं की दोन शब्द लिहायचे आणि कागद पालथा. दोनच. जास्त लिहिलेस तर प्रार्थना बाजूला राहून दिवसाचं वेळापत्रक तयार होईल. थोड्या वेळाने चुळबुळ सुरू होईल, ती आजची नाही. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात एवाग्रियस नावाच्या संन्याशाने दुपारच्या सैतानाचं, म्हणजे प्रार्थनेतल्या कंटाळ्याचं, वर्णन लिहून ठेवलंय: सूर्य हलेनासा वाटतो, संन्यासी सारखा खिडकीकडे बघतो, कोणी बंधू भेटायला येतोय का म्हणून. फोन नव्हता, खिडकी होती! त्याचा एक उपाय असा, खोली सोडायची नाही. म्हणून 15 मिनिटं कोरडी गेली तरी बस. आणि छान रमलास तरी वेळ संपली की ऊठ, नाहीतर उद्या तेवढंच रमायला हवं असं वाटेल आणि परवा बसणारच नाहीस.

कोणी शोधत आलं तर? येशू पहाटे एकांती गेला तेव्हा शिष्य मागे आलेच, ‘सगळे तुमचा शोध करताहेत’ म्हणत (मार्क 1:37). तो त्या सगळ्यांकडे परतला नाही, पुढच्या गावांना निघाला.

बदलीचं काय झालं? आईंचं डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं ना? वहिनींना सलाम, धाकट्याला पास झाल्याबद्दल शाबासकी.

इब्री 3:13 मध्ये रोज एकमेकांना बोध करा असं म्हटलंय; आपण दोघे आळशी, आठवड्यातून एकदा करू. शनिवारी रात्री किती दिवस बसलास तो आकडा पाठव. कारणं नकोत, पश्चात्तापाचं पान नको. ते लिहिण्यातच तुला मजा येते, मला ठाऊक आहे. शून्य असेल तर शून्य. मीही माझा पाठवतो.

तुझाच

ता. क. – तुझं गीतांचं पुस्तक माझ्याकडेच आहे. शेवटची चार पानं आधीपासूनच नव्हती.