तिखट नव्हे, पहारेकरी!

मा. संपादक,

२०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल शिमोन साकागुची, मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांना मिळाले. ती छोटी बातमी मी दोनदा वाचली. कारण घरातलेच. माझ्या धाकट्या भावाला अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज येऊन जखमा होण्याचा आजार) आहे. सांगलीत हळदीच्या पेठेत त्याची नोकरी. दिवसातून दहादा संडासला पळायचा. जो तो सांगे, तिखट सोड. बिचाऱ्याने भडंगसुद्धा सोडले! पण दोष तिखटाचा नव्हता, शरीराचे पहारेकरीच, म्हणजे रोगप्रतिकारक पेशीच, आतड्यावर उलटले होते.

या पहारेकऱ्यांना आवरणाऱ्या टी पेशी (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) साकागुचींनी १९९५ मध्ये दाखवल्या; हे नोबेल त्याच पेशींवरच्या कामाचे. तेव्हा ही कल्पना बहुतेकांनी मोडीत काढली होती, तरी हा माणूस चिकटून राहिला. आतड्यात तर या पेशींना उसंत नाही: अन्न परके, जिवाणू परके, तरी भांडण होऊ द्यायचे नाही. अन्नातला चोथा जिवाणू आंबवतात, त्यातून तयार होणाऱ्या ब्युटिरेट या आम्लामुळे मोठ्या आतड्यात अशा पेशी वाढतात, हे २०१३ मध्ये उंदरांत दिसले. (म्हणून भाकरी हे औषध नव्हे, भावाच्या गोळ्या चालूच आहेत.)

रविवारच्या पुरवणीत यावर अर्धे पान द्याल का?

– एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, विश्रामबाग, सांगली