गीझरच्या लाईनला चुकीचा पाइप बसवून भिंत बंद केल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार निवारण विभाग

महोदय,

कोथरूड, पुणे येथील माझ्या सदनिकेतील बाथरूममध्ये गीझरची जागा बदलून गरम पाण्याची लाईन भिंतीतून नव्याने टाकण्याचे काम आपल्या कंपनीने दिवाळीपूर्वी केले. आपल्या प्लंबरने पाइप जोडल्यावर त्याच दिवशी भिंतीतली खाच गिलाव्याने बुजवली, वर टाइल बसवली आणि पूर्ण पैसे घेतले. पुढे खालच्या मजल्यावरील कुटुंबाच्या छताला ओल आली, रंगाचे पोपडे सुटू लागले आणि पाणी दिव्याच्या होल्डरपर्यंत उतरल्यामुळे त्यांना त्या खोलीतली वीज बंद ठेवावी लागली. त्या घरात वयस्कर माणसे आहेत. हा प्रकार केवळ भिंत खराब होण्यापुरता नाही, याची कृपया नोंद घ्यावी.

आम्ही तक्रार नोंदवल्यावर आपला जो तंत्रज्ञ आला, त्याने कोणतीही चाचणी न करता टाइलच्या सांध्यांकडे बोट दाखवले, गळती ‘जुनीच’ असल्याचे सांगितले आणि संपूर्ण बाथरूमच्या वॉटरप्रूफिंगचे दरपत्रक आमच्या हाती ठेवले. वास्तविक त्या वेळी आम्ही ते बाथरूम वापरणे बंद केले होते आणि तरीही खाली थेंब पडतच होते. टाइलच्या सांध्यांतून किंवा नहाणी ट्रॅपच्या (फरशीतल्या सांडपाण्याच्या जाळीच्या) कडेने पाणी झिरपत असेल, तर वापर थांबल्यावर ओल हळूहळू सुकू लागते; वापर नसतानाही ती वाढत राहिली, तर दाबाखाली असलेल्या पाण्याच्या लाईनवर आधी संशय घ्यायचा असतो. इतकी साधी गोष्ट तपासल्याविना ग्राहकाला हजारो रुपयांचे वेगळे काम सुचवणे मला अत्यंत आक्षेपार्ह वाटते.

अखेर आमच्या सोसायटीच्या प्लंबरने थंड आणि गरम पाण्याच्या लाईन वेगळ्या करून प्रत्येकीला प्रेशर टेस्टचा, म्हणजे लाईनमध्ये दाब भरून तो टिकतो का हे पाहण्याचा, हातपंप जोडला. थंड पाण्याच्या लाईनवर गेजचा काटा स्थिर राहिला. गरम पाण्याच्या लाईनवर तो आमच्या डोळ्यांदेखत खाली येत गेला. नवी टाइल काढल्यावर आत पांढरा पाइप निघाला आणि त्यावर आयएस (भारतीय मानक) ४९८५ हा क्रमांक स्पष्ट छापलेला होता. एल्बोजवळ (वळणाच्या जोडाजवळ) तो मऊ पडून किंचित वाकला होता. सॉल्व्हंट सिमेंट (पाइप जोडण्याचा चिकट द्रव) सांध्याच्या फक्त बाहेरच्या कडेला लागलेले होते, कारण पाइप एल्बोमध्ये पुरता आत बसवलेलाच नव्हता.

आयएस ४९८५ हे यूपीव्हीसी या प्लास्टिकच्या पाइपचे मानक आहे आणि तो पाइप ४५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या पाण्यासाठी असतो, तर घरगुती गीझरचे पाणी सहज ६० अंशांच्या वर जाते. गरम पाण्यासाठी सीपीव्हीसी या जास्त उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकचा पाइप वापरतात. त्याचे मानक आयएस १५७७८ आहे आणि त्याला जोडायचे सॉल्व्हंट सिमेंटही वेगळे असते. आपल्या देयकात मात्र ‘सीपीव्हीसी पाइप व फिटिंग’ असेच लिहिलेले असून पैसेही त्याच दराने घेतलेले आहेत. माझ्या तक्रारीचा गाभा हाच आहे. सांधा कच्चा राहणे ही कारागिराची चूक म्हणता येईल, पण एक वस्तू बिलात लिहून दुसरीच भिंतीत गाडणे याला मी चूक म्हणू शकत नाही.

टाइल लावण्यापूर्वी सॉल्व्हंट सिमेंट सुकू देऊन लाईनची प्रेशर टेस्ट केली असती, तर सांध्याचा दोष तिथेच उघड झाला असता. आणि उघड्या खाचेचा एक फोटो जरी आम्हाला दाखवला असता, तरी पाइपवरचा क्रमांक कोणालाही वाचता आला असता. भिंतीआड जाणारे प्रत्येक काम यापुढे या दोन गोष्टींशिवाय बंद करू नये, अशी माझी आग्रहाची मागणी आहे, कारण एकदा टाइल बसल्यावर ग्राहकाच्या हाती तपासण्यासारखे काही उरत नाही.

माझ्या प्रकरणात कंपनीने देयकाची संपूर्ण रक्कम परत करावी, संपूर्ण गरम लाईन आयएस १५७७८ च्या पाइपने स्वखर्चाने बदलून आमच्यासमोर चाचणी द्यावी, आणि खालच्या सदनिकेतील छताचा गिलावा, रंग व विजेची दुरुस्ती यांचा खर्च उचलावा. ‘जुनी गळती’ असा शेरा मारून बंद केलेली माझी तक्रार पुन्हा उघडून तो शेरा लेखी मागे घ्यावा, हेही तितकेच आवश्यक आहे. देयकाची प्रत, पाइपवरील छपाईचे व चाचणीचे फोटो आणि आपले वॉटरप्रूफिंगचे दरपत्रक सोबत जोडले आहे. काढलेला एल्बो मी जपून ठेवला असून आपला प्रतिनिधी तो येथे येऊन पाहू शकतो.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा या दोन्ही कारणांसाठी मी पुणे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागेन.

आपली विश्वासू,
सदनिकाधारक ग्राहक,
कोथरूड, पुणे