‘गॉना’ म्हणजे आळस नव्हे

रविवारच्या पुरवणीतील इंग्रजी संभाषणाविषयीच्या लेखात ‘गॉना’ (‘गोइंग टू’), ‘वॉना’ (‘वॉन्ट टू’) या बोलीतील रूपांना सरसकट जिभेचा आळस ठरवण्यात आले आहे, ते पटण्यासारखे नाही. ‘गोइंग टू’चे ‘गॉना’ होते ते पुढे क्रियापद असेल तेव्हाच. लंडनला निघालेला इंग्रज कितीही घाईत असला तरी ‘आय अ‍ॅम गॉना लंडन’ असे कधीही म्हणत नाही. आळस असा व्याकरणाचा विधिनिषेध पाळत नसतो. शिवाय ही तक्रारही जुनीच आहे. ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’चे लेखक जोनाथन स्विफ्ट यांनी १७१० मध्ये ‘टॅटलर’ या नियतकालिकात अशा आखूड रूपांची खिल्ली उडवली होती आणि त्यांच्या नमुन्यातील ‘कुडन्ट’ व ‘कान्ट’ आज कोणाच्याही कानाला खटकत नाहीत. (‘हॅव’चे त्यांनी दाखवलेले ‘हा’ हे रूप मात्र प्रमाण लेखनात रुजले नाही.) अर्जात किंवा उत्तरपत्रिकेत ‘गॉना’ लिहू नये, हे मान्यच आहे, परंतु ‘कुठे आहेस’चे ‘कुठेयस’ सहज करणाऱ्या आपण मराठी भाषकांनी ही रूपे विद्यार्थ्यांना निदान कानाने ओळखायला शिकवावीत, एवढीच अपेक्षा आहे.

– एक निवृत्त इंग्रजी शिक्षक, सातारा