पुन्हा सातवी मॅच

ब्रॅम्प्टन,
19 मे 2025

प्रिय बाळ्या,

दिवाळीनंतर तुला एक ओळ लिहिली नाही, हव्या तेवढ्या शिव्या घाल. पण कालचं इथे कुणाला सांगू? बायको म्हणते, खेळच तो, जेवून घ्या. माझी शुगर आटोक्यात आहे.

आपले टोरंटोचे लीफ्स हॉकीत हरले रे, तेही निर्णायक सातव्या मॅचला. घरच्या बर्फावर, फ्लोरिडाकडून 6-1. सात मॅचच्या मालिकेत 2-0 पुढे होतो आपण! पहिला पिरियड कोरा. दुसऱ्यात बघता बघता तीन खाल्ले. तिसऱ्यात आपल्या डोमीने एक मारला, लेक सोफ्यावर उभी राहिली, आणि 47 सेकंदांत चौथा बसला. पुढे त्यांच्या मार्शंडनेही मारला. हो, तोच, 2013चा बोस्टनवाला. सातव्या मॅचला पाचदा आपल्यासमोर आला, पाचही वेळा जिंकून गेला.

2013च्या त्या 13 मेला, बोस्टनविरुद्धच्या सातव्या मॅचला, आपण टोरंटोच्या चौकातल्या पडद्यासमोर उभे होतो. आपले 4-1 झाल्यावर तू "जिंकलो!" म्हणून ओरडलास. मग त्यांनी एक मारला, शेवटच्या दीड मिनिटात आणखी दोन, आणि ओव्हरटाइमला त्यांच्या बर्जेरॉनचा विजयी गोल. मी तुला पनवती म्हणालो, परतीच्या ट्रेनमध्ये दुसऱ्या डब्यात जाऊन बसलो. चूक माझी होती, बाळ्या. बारा वर्षांनी कबूल करतोय.

काळजी पोरीची आहे. लीफ्सच्या मार्नरची 16 नंबरची जर्सी तिने अंगातून काढली, आई साडीची घडी घालायची तशी बाह्या आत दुमडून घडी घातली आणि थंडीच्या मोज्यांखाली ठेवली. त्याचा करारही संपतोय, हे तिला ठाऊक आहे. म्हणाली, "बाबा, हे शेवटचा कप कधी जिंकले?" मी म्हटलं, 1967. ती काहीच बोलली नाही. रडली असती तर जवळ घेतलं असतं. आज व्हिक्टोरिया डेची सुट्टी, अजून खाली आलेली नाही. आपल्या वडिलांनी आपल्याला क्रिकेट दिलं, त्यात 1983 तरी होतं. ही पाच वर्षांची असताना मीच तिच्या अंगात निळी जर्सी घातली. रात्रभर तेच डोक्यात होतं.

तू तिला फोन कर. माझं ऐकणार नाही, काकाचं ऐकेल. चौकातलं सगळं सांग, तू कसा ओरडलास तेही. शाळा सुटून ती जेवायला बसते तेव्हा आमचे सात, म्हणजे तुझे पहाटेचे साडेचार. एवढ्यासाठी ऊठ.

काकूंचा गुडघा कसा आहे? फ्लॅटचा ताबा मिळाला का? वहिनींना नमस्कार.

तुझा,
पम्या