घळीचं पुस्तक घेताना आधी पाण्याची नोंद वाचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यन, झायन, एस्कलांटे या घळींच्या मुलखांची नावं आता आपल्याकडच्या पर्यटन पुरवण्यांत सरावाची झाली आहेत. लेखाच्या शेवटी चौकटीत ‘जाण्याआधी वाचा’ म्हणून दोन-तीन पुस्तकं दिलेली असतात. ती बहुधा मुखपृष्ठ देखणं असलेली, ‘शंभर सर्वोत्तम वाटा’ छापाची. गाडीतून घळीच्या कठड्यापर्यंत, म्हणजे वरच्या काठापर्यंत, जाऊन सूर्यास्त बघायचा असेल तर ती चालतात. युटा आणि ॲरिझोनातल्या कोलोरॅडो पठारावर पायी घळीत उतरणाऱ्याला मात्र त्यातलं एखादं पुस्तक चांगलंच अडचणीत टाकू शकतं. म्हणून पुस्तक घेताना नेमकं काय तपासायचं, त्यासाठी हे पत्र.

दुकानात पुस्तक हातात आलं की फोटोंची पानं उलटू नयेत. आतली कुठलीही एक वाट काढावी आणि पाण्याबद्दल काय लिहिलंय ते वाचावं. ‘वाटेत झरे आहेत’ एवढ्यावर भागवलं असेल तर ते पुस्तक परत ठेवावं. कामाची नोंद साधारण अशी असते: सुरुवातीपासून अमुक मैलांवर, डाव्या भिंतीच्या पायथ्याशी पाझर, अमुक साली मे महिन्यात थेंबथेंब, एक लिटर भरायला दहा मिनिटं, सप्टेंबरात कोरडा. बारमाही झरा, हंगामी ओढा आणि पावसानंतर काही दिवस कातळातल्या खळग्यांत साठणारं पाणी यांत जो लेखक फरक करत नाही, तो त्या वाटेने एकदाच आणि ओल्या वर्षी गेलेला असतो.

याचं कारण साधा हिशेब आहे. माणशी दिवसाला एक गॅलन, म्हणजे ३.८ लिटर, हा तिथला किमान ठोकताळा. उन्हाळ्यात तोही अपुरा पडतो. मधले दोन दिवस कोरडे असतील तर साडेसात किलोंहून जास्त वजन नुसत्या पाण्याचं. म्हणजे वाट एकूण किती लांब आहे, यापेक्षा खात्रीच्या दोन पाणवठ्यांमध्ये किती अंतर आहे, हा आकडा जास्त मोलाचा. पुस्तकात तो सरळ दिलेला नसेल तर निदान नोंदींवरून काढता आला पाहिजे. लिटरसोबत खारं खाणंही सुचवणारा लेखक अनुभवी समजावा. नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, आणि त्याची डोकेदुखी, मळमळ, गोंधळलेपण ही लक्षणं ऊन लागल्यासारखीच दिसतात.

पाणी आहे म्हणजे ते पिण्याजोगं आहे असंही नाही. ग्रँड कॅन्यनमधल्या हॉर्न क्रीक ओढ्याचंच घ्या. नकाशावर तिथे निळी रेघ आहे, पण वरच्या जुन्या युरेनियम खाणीमुळे त्या पाण्यात किरणोत्सर्गी अंश आहे आणि ते पिऊ नये अशी तिथल्या राष्ट्रीय उद्यानाची स्पष्ट सूचना आहे. गाळणी तिथे उपयोगाची नाही. झायनमध्ये व्हर्जिन नदीत २०२० साली विषारी सायनोबॅक्टेरिया आढळले. उकळून किंवा नेहमीच्या गाळणीने ते विष जात नाही. म्हणजे त्याआधीच्या पुस्तकात ‘नदीचं पाणी गाळून घ्यावं’ असं असेल तर ते वाक्य खोडून टाकावं. कोलोरॅडो आणि पारिया या नद्यांचं पाणी चहासारखं गढूळ. गाळणी दोन-चार लिटरांत तुंबते. पाणी रात्रभर घडीच्या बादलीत निवळू द्यावं, घाई असेल तर चिमूटभर तुरटी फिरवावी, मग वरचं गाळावं. हे लिहिणारी पुस्तकं कमी आहेत. सापडलं तर घेऊन टाका.

दुसरी तपासणी कातळटप्प्यांची. घळीच्या तळातून चालताना मध्येच पात्र तुटतं आणि समोर तीन-चार माणसांच्या उंचीची कोरडी धबधब्याची कडा येते. नकाशावर ती दिसेलच असं नाही. अमेरिकी भूमापन खात्याच्या १:२४,००० नकाशांवर या भागात समोच्च रेषांमधला, म्हणजे सारखी उंची जोडणाऱ्या रेषांमधला, उंचीचा फरक बऱ्याच ठिकाणी ४० फूट असतो. तीस फुटांचा तुटलेला टप्पा दोन रेषांच्या मध्ये गडप होतो आणि कागदावर वाट सरळ, सुखाची दिसते. मोबाइलवरचे नकाशे ज्या उंचीच्या माहितीवर बनतात तिची जाळी बहुधा दहा-दहा मीटरची. त्या जाळीला खांद्याएवढी रुंद घळ ठाऊकच नसते. म्हणून हे टप्पे शब्दांत सांगणं हे पुस्तकाचं काम. उंची किती, दोराशिवाय उतरता येतो का, वळसा कुठून आणि तो वळसा टप्प्याच्या किती आधी सुरू होतो? हा शेवटचा तपशील सगळ्यात जास्त वेळा गाळलेला असतो. ‘टप्पा डावीकडून टाळावा’ असं वाचून माणूस कड्याच्या टोकाशी जातो आणि डावीकडे नुसती भिंत बघतो, कारण वळशाची कपार दोनशे मीटर मागे राहिलेली असते.

शिवाय डावी म्हणजे कुणाची डावी? नदीच्या भाषेत प्रवाहाच्या दिशेला तोंड करून डावं-उजवं ठरतं, पण काही लेखक चालणाऱ्याच्या दिशेने लिहितात. घळ खालून वर चढायची असेल तर सगळंच उलटं होतं. पुस्तकाच्या प्रस्तावनेत हा संकेत एका ओळीत सांगितलेला हवा. नसेल तर प्रत्येक वळणावर पैज लावल्यासारखं होतं.

काठिण्य सांगताना ‘सोपी’, ‘मध्यम’, ‘अवघड’ हे शब्द घळीत निरर्थक आहेत. तिथे रूढ असलेली श्रेणी तीन भागांची. पहिला आकडा १ ते ४: १ म्हणजे चालणं, २ म्हणजे हात टेकून चढउतार, ३ ला दोर लागतो, ४ म्हणजे कसलेल्यांचं काम. मग अक्षर: ए म्हणजे कोरडी किंवा जेमतेम पाण्याची, बी म्हणजे साचलेल्या पाण्यात पोहावं लागेल, सी म्हणजे वाहता प्रवाह. शेवटी रोमन आकडा वेळेचा. तिसरा म्हणजे दिवसाचा बराचसा भाग, पाचवा म्हणजे मुक्काम धरून चाला. ‘३बी’ लिहिलेल्या घळीत दोर आणि थंड पाण्यासाठी वेटसूट दोन्हीची तयारी लागते, हे एका नजरेत कळतं. रांजणखळगे असतील तर त्यांचा वेगळा उल्लेख हवा. काठोकाठ भरलेल्या खळग्यातून पोहून बाहेर पडता येतं. तोच अर्धा भरलेला असेल तर भिंती गुळगुळीत आणि काठ हाताच्या वर, आत गेलेला माणूस आतच अडकतो. पाण्याची पातळी बदलली की त्याच घळीची श्रेणी बदलते. एकच आकडा ठोकून देणाऱ्या पुस्तकावर विसंबू नये.

वेळेचे अंदाज पारखायला एक सोपी कसोटी आहे. ग्रँड कॅन्यनची ब्राइट एंजल वाट दक्षिण कठड्यावरून घळीच्या तळाशी असलेल्या मुक्कामाच्या जागेपर्यंत जाते: साधारण १५ किलोमीटर, सुमारे १,३०० मीटर उतार. डोंगरात चढ आधी आणि उतार नंतर येतो, इथे उलटं आहे. दमलेल्या पायांनी, तापलेल्या कातळातून चढायचं असतं. चढायला उतरण्याच्या दुप्पट वेळ धरावा हा तिथला प्रघात. पुस्तकात दोन्ही बाजूंना सारखेच तास दिले असतील तर बाकीच्या वाटांचे तासही घरी बसून काढलेले समजा. उन्हाळ्यात तळाशी पारा ४० च्या वर जातो आणि सकाळी १० ते दुपारी ४ घळीत चालू नये असा उद्यानाचा सल्ला आहे. तो धरून पहाटेची सुरुवात सुचवलेली आहे का, तेही बघावं. तिथल्याच साउथ कायबाब वाटेवर पाण्याचा एक थेंब नाही. ही गोष्ट ज्या पुस्तकात ठळक नाही ते तिथे नेऊच नये.

आता पुराबद्दल. १२ ऑगस्ट १९९७ रोजी ॲरिझोनातल्या अँटिलोप कॅन्यनमध्ये ११ जण वाहून गेले तेव्हा घळीवर जवळपास पाऊस नव्हता. तो वरच्या पाणलोटात झाला होता. १४ सप्टेंबर २०१५ रोजी झायनच्या कीहोल कॅन्यनमध्ये सात जण पुरात दगावले. ‘पावसाळी हवेत जाऊ नये’ एवढं लिहिणं म्हणूनच पुरेसं नाही. घळीचं पाणलोट कुठवर पसरलंय, म्हणजे कुठल्या भागाचा अंदाज बघायचा, हे पुस्तकाने सांगावं. पारिया नदीत चालणाऱ्याने वर पार ब्राइस कॅन्यनच्या बाजूचं आभाळ बघायचं असतं. दुसरं, वर निघण्याच्या जागा. बकस्किन गल्च ही सुमारे २० किलोमीटरची अरुंद घळ. साधारण मध्यावर एकच बाहेर पडायची वाट आणि तीही कातळ चढून. हे माहीत असेल तर निघण्याची वेळ, बरोबरची माणसं, सगळंच वेगळं ठरतं. झायनच्या नॅरोज या नदीच्या पात्रातून चालायच्या अरुंद घळीसाठी नदीचा प्रवाह सेकंदाला १५० घनफुटांच्या, म्हणजे साधारण ४,२५० लिटरच्या वर गेला की वाट बंद होते. असा ठोस आकडा देणारं पुस्तक ‘प्रवाह जास्त असल्यास टाळावे’ म्हणणाऱ्यापेक्षा कितीतरी वरचं.

आवृत्तीचं वर्ष तर किमतीच्याही आधी बघावं. झायनमधल्या एंजल्स लँडिंग या कड्यावरच्या वाटेला १ एप्रिल २०२२ पासून परवाना लागतो. ‘द वेव्ह’ या लाटेसारख्या कातळाकडे दिवसाला २० माणसं सोडत, २०२१ पासून ती संख्या ६४ झाली. जुलै २०२५ च्या वणव्यात ग्रँड कॅन्यनच्या उत्तर कठड्यावरचं लॉज आणि पाणी शुद्धीकरण केंद्र जळालं. त्या बाजूने उतरण्याचे बेत त्याआधीच्या पुस्तकावरून आखता येणार नाहीत. १ जानेवारी २०२६ पासून ग्रँड कॅन्यन, झायन, ब्राइससह ११ उद्यानांत वार्षिक पास नसलेल्या परदेशी पर्यटकाला माणशी १०० डॉलर जादा पडतात. लेक पॉवेल या धरणाच्या तलावाचं उदाहरण तर पाठ्यपुस्तकात घालावं असं. १९६३ मध्ये धरणाची दारं बंद झाली, १९८० मध्ये जलाशय भरला, २०२३ च्या सुरुवातीला तो एक चतुर्थांशाहूनही कमी उरला. भरल्या तलावाच्या काळातली पुस्तकं ‘घळ इथे पाण्यात संपते’ म्हणतात. आज त्या जागी गाळाचे बांध आणि पाय रुतणारी वाळू असते.

तरीही जुनं पुस्तक रद्दीत घालू नये. कातळाची रचना, पाझरांच्या जागा, वळशाच्या कपारी यांचं जुन्या लेखकांनी केलेलं वर्णन पुष्कळदा नव्या पुस्तकांपेक्षा भरघोस असतं. फक्त घळीच्या तळातल्या वाळूची पातळी प्रत्येक लोंढ्यागणिक वरखाली होते. बकस्किन गल्चकडे जाणाऱ्या वायर पास घळीत अडकलेल्या धोंड्याखालचा टप्पा एका हंगामात पाय टाकून उतरता येतो आणि दुसऱ्या हंगामात माणसाहून उंच होतो. परवाने, शुल्क, रस्ते आणि नळ यांच्यासाठी मात्र उद्यानाची ताजी सूचनाच प्रमाण. ब्राइट एंजलवरच्या नळांना पाणी पुरवणारी वाहिनी १९६० च्या दशकातली आहे आणि वारंवार फुटते. ‘इथे नळ आहे’ हे वाक्य कुठल्याच आवृत्तीत कायमचं खरं नसतं. होल-इन-द-रॉक रस्त्यासारख्या कच्च्या वाटा ओल्या झाल्या की चिकणमातीत फोर-व्हील गाडीही रुतते.

जुन्या पुस्तकातले जीपीएस आकडे वापरायचे असतील तर ते कुठल्या मापन-आधारावरचे आहेत हे शोधावं. नॅड २७ या जुन्या आधारावरचे यूटीएम (मीटरांत जागा सांगणारे) आकडे हल्लीच्या डब्ल्यूजीएस ८४ आधारावर लावलेल्या यंत्रात घातले तर या भागात जागा सुमारे २०० मीटर सरकते. उघड्या पठारावर २०० मीटरने बिघडत नाही, पण फाटे फुटलेल्या घळींत तेवढ्यात शेजारची घळ लागते. आणखी एक गंमत: उन्हाळ्यात युटाची घड्याळं तासभर पुढे असतात, ॲरिझोनाची नसतात, पण त्याच ॲरिझोनातल्या नवाहो या आदिवासींच्या भूमीवर पुन्हा पुढे. सीमेवरच्या वाटांना मोबाइल कुठल्या टॉवरची वेळ दाखवेल याचा नेम नाही. परवान्याची वेळ कुठल्या घड्याळाची, हे लिहिणारा लेखक तिथे नक्की जाऊन आलेला असतो.

खरेदी दोन पुस्तकांची करावी. एक साऱ्या पठारावर नजर टाकणारं, वाट निवडण्यापुरतं. दुसरं निवडलेल्या एकाच भागात खोल शिरणारं. त्यासोबत त्या भागाचा १:२४,००० नकाशा. निघताना दुसऱ्या पुस्तकातली लागणारी पानंच झेरॉक्स करून पाणी न शिरणाऱ्या पिशवीत ठेवावीत, फोनवर भिस्त नको. तापला की तो बंद पडतो आणि उंच भिंतींत उपग्रह धड दिसत नाही.

आपल्या पुरवणीत पुस्तकं सुचवताना मुखपृष्ठाऐवजी आवृत्तीचं वर्ष आणि त्यातल्या एखाद्या वाटेची पाण्याची नोंद जशीच्या तशी छापता आली तर बघावं. चौकटीत तेवढी जागा निघेल.

कळावे,
आपला विश्वासू,
एक वाचक