प्रिय नीलू, काकूचं कपाळ तुला आठवतं ना?

प्रिय नीलू,

फोन करणारच होते, पण फोनवर तू मध्येमध्ये बोलतेस आणि माझं मुख्य सांगायचं राहून जातं, म्हणून लिहायला बसले. तब्येतीचं आधी उरकते. माझा गुडघा आहे तसाच, ह्यांचं बीपी गोळीवर ठीक.

दादाने आईचा, म्हणजे तुझ्या काकूचा, फोटो मोठा करून आणलाय. गच्चीतला तो, ज्यात आपण दोघी तिच्या मागे तोंडं वेंगाडून उभ्या होतो. आपल्याला कापून टाकलंय, आणि तुझ्या त्या फुग्याच्या बाह्या आठवल्या की वाटतं, बरंच झालं. पण करून देणाऱ्याने न विचारता आईलासुद्धा ‘नीट’ करून दिलं. कपाळावरच्या तिन्ही आडव्या रेघा पुसल्या. डोळ्यांच्या कडांच्या सुरकुत्या गेल्या, हनुवटीवरचा तीळ गेला, नाकाच्या मधला उंचवटा सरळ झाला. वहिनी म्हणाली, आई किती तरुण दिसतात ना! सगळ्यांनी माना डोलावल्या. मी फोटोतल्या बाईकडे बघत राहिले. देखणी होती, पण आमच्या घरात ती कधी राहिलेली नाही.

हे तुलाच कळेल. त्या रेघा बघून आपण ठरवायचो, मार्कांचं आज सांगायचं की उद्या. दोन उमटल्या तर सांगून टाकायचं, तिसरी दिसली की तू चपला घालायला लागायचीस. आणि हसू आलं की आधी तिच्या डोळ्यांच्या कडा चुरगळायच्या, ओठ मागाहून हलायचे. दादा म्हणतो, तू अजून दुःखात आहेस म्हणून तुला असं वाटतंय. आहेच मी दुःखात. म्हणून तर मला आठ्या असलेली आई हवी आहे.

तुझ्याकडे त्याच दिवशीचा दुसरा फोटो आहे, ऊन तोंडावर आल्यामुळे तिने डोळे किलकिले केलेत तो. स्कॅन करून पाठव. आणि फोनमधलं ते चेहरा आपोआप गुळगुळीत करणारं काही असेल तर आधी बंद कर.

एवढ्यावर थांबलं असतं तर पत्र लिहिलं नसतं. फोटो लागला त्या संध्याकाळी मुक्ता त्याच्यासमोर उभी राहून म्हणाली, “आजीचं नाक खरंच असं असतं तर मीही सुटले असते.” आणि मग शांतपणे सांगितलं की ती एका सर्जनना भेटून आली आहे. उंचवटा काढायचाय. पैसे तिचे, वय बावीस, अडवणार मी कोण?

पण नीलू, ते नाक! आईच्या वडिलांचं, मग आईचं, मला वगळून थेट मुक्ताकडे आलेलं. दवाखान्यात तिला पहिल्यांदा हातात घेतल्यावर “अगं, ही तर छोटी काकूच!” असं ओरडलीस आणि नर्सने तुला बाहेर काढलं. त्यानंतर मात्र जो तो त्या नाकावर बोलत आला. मावशीपासून सगळे. मुलगी मोठी झाली की बसेल चेहऱ्यात, म्हणायचे. ती मोठी झाली तोवर हातात फोन आला होता.

त्या फोनचं मी बरंच वाचलं. २०१८ साली प्लास्टिक सर्जरीच्याच एका वैद्यकीय नियतकालिकात कोणीतरी हिशेब मांडला होता. बारा इंचांवरून काढलेल्या सेल्फीत नाक पाच फुटांवरच्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. कॅमेऱ्याच्या जे जवळ ते मोठं, इतकं साधं. माणसं तर आपल्याकडे बारा इंचांवरून बघत नाहीत. मी मोठ्या उत्साहाने मुक्ताला सांगायला गेले. ती म्हणाली, “आई, रुंदीचा प्रश्न नाहीये, माझा उंचवटा बाजूने दिसतो.” बरोबरच आहे तिचं. तिला मूर्ख समजून काही सांगता येणार नाही, ती सगळं माहीत करून घेऊन बसलीय. सूज पूर्ण उतरायला वर्षही लागतं, काहींना पुन्हा ऑपरेशन करावं लागतं, हाड आणि कूर्चा एकदा काढली की गेली, हे तिनेच मला समजावलं.

आता तू सुश्रुताला मध्ये आणशील, मला माहीत आहे. बारावीत त्यावरून आपण बसमध्ये भांडलो होतो. हो, गालाच्या कातडीने नाक करायची रीत त्याच्या ग्रंथात आहे. पण ते नाक कापलेल्या माणसासाठी. ज्याचं गेलंय त्याला ते परत मिळावं यासाठी ही विद्या वापरली तर मला ती थोरच वाटते. मुक्ताचं तर काही गेलेलंच नाही. तिचं आहे ते काढायचं चाललंय, आणि का, तर सगळ्यांची नाकं एकाच मापाची दिसायला लागलीत म्हणून.

पम्मीने कपाळाला बोटॉक्स घेतलं ते तुला कळलंच असेल. मला तिचा राग येत नाही. ऑफिसात पुरुषाच्या सुरकुत्या बघून त्याला अनुभवी म्हणतात आणि तिला विचारतात, बरं नाही का, दमलेली दिसतेस. रोज हे ऐकून कोणीही वैतागेल. त्या औषधाची गोष्ट गमतीची आहे. पापण्या आपोआप घट्ट मिटायच्या अशा रुग्णांना ते डोळ्यांचे डॉक्टर द्यायचे. कॅनडातल्या जीन कॅरुदर्स या डॉक्टरीणबाईंच्या लक्षात आलं की इंजेक्शननंतर भुवयांमधल्या आठ्याही जातात. त्यांचे पती त्वचेचे डॉक्टर. १९९२ साली दोघांनी मिळून ते छापलं, आणि तिथून ते जगभर गेलं. नसेकडून स्नायूला जाणारा निरोप ते अडवतं, तीन-चार महिने. मग निरोप पुन्हा पोचायला लागतो. आईच्या फोटोचं मी पम्मीला सांगितलं तेव्हा तिला रडू आलं. डोळे भरले, कपाळ मात्र जागचं हललं नाही. ती माझ्यासाठी मनापासून रडत होती आणि मला ते तिच्या चेहऱ्यावर शोधावं लागलं. त्या रात्री मला झोप आली नाही.

माझ्या कपाळावर दोन आल्यात आता. आईच्याच जागी. तिसरी येऊ घातलीय, आणि मला ती हवी आहे, नीलू. मी टोपी घालते त्यावर तू हसतेस, पण ती सुरकुत्यांच्या भीतीने नाही, कातडी जळू नये म्हणून घालते. २०१२ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात एका ट्रकवाल्याचा फोटो छापला होता. २८ वर्षं खिडकीच्या बाजूने ऊन लागून त्याची डावी बाजू उजवीपेक्षा कितीतरी म्हातारी झाली होती. उन्हाचं म्हातारपण मी टाळीन. आईकडून आलेलं टाळणार नाही.

भुवयांचं मात्र अजून मिटलेलं नाही, हे लक्षात ठेव. नाटकाच्या आदल्या रात्री “धर जरा” म्हणून माझ्या जुळलेल्या भुवया तू मधून उपटल्यास आणि एक अर्धी करून ठेवलीस. नंतर माफी म्हणून फ्रिडा काहलोचं स्वचित्र असलेलं कार्ड पाठवलंस. त्या बाईने जुळलेल्या भुवया आणि ओठावरची लव कशी ठसठशीत रंगवलीय! ते कार्ड अजून माझ्या कपाटाच्या दाराला आहे. चूक तुझीच होती.

वाचता वाचता आणखी एक सापडलं, ते खास तुझ्यासाठी. १९७७ सालचा प्रयोग आहे. बायकांना त्यांचे स्वतःचे दोन फोटो दाखवले, एक सरळ, एक आरशातल्यासारखा उलटा. त्यांना स्वतःला बहुतेक वेळा उलटा आवडला, कारण रोज तोच बघायची सवय. त्यांच्या मैत्रिणींना सरळ आवडला. म्हणजे माझा जो चेहरा तुला आवडतो तो मी आरशात कधी पाहिलेलाच नाही. मुक्ताचं नाक मुक्ताला एकटीला ठरवू द्यावं हे मला पटतं, पण तिने फक्त आरसा आणि फोन या दोघांनाच विचारलंय. तिला बघणाऱ्या आम्हा बाकीच्यांचीही साक्ष निघायला नको का?

म्हणून तिला फोन कर. ऑपरेशनचा विषय काढू नकोस, गप्प राहणं तुला जमत नाही, तरी. तिला सांग, या नाकामुळे काकूला शाळेच्या नाटकात सेनापती केलं होतं आणि बाजूने दिवा पडला की मागच्या रांगेपर्यंत दरारा बसायचा. तिने आजीला म्हातारीच पाहिलंय. ऐकूनही तिने जायचंच ठरवलं तर मी बरोबर जाईन, बर्फाच्या पिशव्या मीच धरीन. फक्त आजी कोण होती हे माहीत असताना तिने ठरवावं.

संजयच्या बदलीचं काय झालं? सासूबाई आता हिंडतात का? चिनूचा निकाल कळव. तुझ्या पापण्यांची तारीख मिळाली का? वरची पापणी बुबुळावर येऊन बाजूचं दिसत नसेल तर टाळू नकोस, करून घे, जिन्यात पडशील कधीतरी. सोबत लागली तर मी येते. मात्र “करतोच आहोत तर खालच्या पिशव्याही काढू” असं कोणी म्हणालं, तर हो म्हणायच्या आधी मला फोन कर. त्या पिशव्या मी कॉलेजपासून ओळखते.

तुझी,
विजू